दोन पीएलसी नेटवर्कवर एकमेकांशी कसे जोडावेत

दोन पीएलसी (यंत्रं चालवणारे औद्योगिक कंट्रोलर) एकमेकांशी बोलते करायचे म्हटलं की हात आधी लॅपटॉपकडे जातो. जाऊ देऊ नका. आधी कागद घ्या.

१. देवाणघेवाणीचा तक्ता करा. कोणता सिग्नल, कोणाकडून कोणाकडे, कोणत्या रजिस्टरमध्ये (मेमरीतला आकडा ठेवायचा कप्पा), १६ बिट की ३२ बिट, एकक काय, स्केलिंग काय. दाब ४.२५ बार असेल आणि पूर्णांकात ४२५ पाठवायचा असेल, तर तेही लिहा. दोन्ही प्रोग्रॅम वेगवेगळी माणसं लिहीत असतील, तर हा तक्ता दोघांना मान्य होईपर्यंत पुढे जाऊ नका.

२. प्रोटोकॉल, म्हणजे दोघांची बोलायची भाषा, ठरवा. दोन्ही कंट्रोलर एकाच कंपनीचे असतील तर त्या कंपनीची स्वतःची पद्धत सहसा सोपी पडते. सीमेन्सच्या एस७-१२०० किंवा १५०० मध्ये पुट-गेट (समोरच्याचा डेटा थेट वाचायची-लिहायची सोय) वापरणार असाल, तर समोरच्या सीपीयूच्या सेटिंगमध्ये त्याची परवानगी चालू करा आणि त्या डेटा ब्लॉकचा ‘ऑप्टिमाइज्ड’ पर्याय बंद करा. कंपन्या वेगळ्या असतील तर मॉडबस टीसीपी (इथरनेटवर चालणारा खुला प्रोटोकॉल) बहुतेक वेळा कामी येतो. मूळ मॉडबस १९७९ चा, पण अजून ठणठणीत आहे. पुढचं सगळं त्याच्याबद्दल.

३. आयपी पत्ते द्या. उदाहरणार्थ १९२.१६८.१.१० आणि १९२.१६८.१.११, दोन्हीकडे सबनेट मास्क २५५.२५५.२५५.०. पत्ते स्थिर ठेवा. तांब्याची इथरनेट केबल १०० मीटरपर्यंतच, आणि ती ड्राइव्हच्या (मोटरचा वेग बदलणाऱ्या उपकरणाच्या) मोटर केबलसोबत एकाच ट्रेमधून नेऊ नका.

४. लॅपटॉपवरून दोघांना पिंग करा, म्हणजे उत्तर मागणारा छोटा संदेश पाठवा. उत्तर आलं म्हणजे पत्ता आणि केबल ठीक, इतकंच. मॉडबसचा ५०२ क्रमांकाचा पोर्ट उघडा आहे की नाही, हे पिंग सांगत नाही.

५. एकाला सर्व्हर करा, दुसऱ्याला क्लायंट. क्लायंट विचारतो, सर्व्हर उत्तर देतो. सर्व्हर आपणहून काही पाठवत नाही. क्लायंटचा प्रोग्रॅम लिहिण्याआधी लॅपटॉपवरच्या मॉडबस चाचणी सॉफ्टवेअरने सर्व्हरची रजिस्टरं वाचून बघा. इथे आकडे बरोबर दिसले, तर पुढचा दोष क्लायंटकडे शोधायचा हे नक्की होतं.

६. क्लायंटच्या प्रोग्रॅममध्ये मॉडबसचा तयार ब्लॉक टाका. होल्डिंग रजिस्टर वाचायला फंक्शन कोड ३, अनेक रजिस्टरं लिहायला १६. एका विनंतीत जास्तीत जास्त १२५ रजिस्टरं वाचता येतात, म्हणून डेटा सलग ठेवा. एक विनंती पूर्ण झाल्यावरच दुसरी सोडा. प्रत्येक स्कॅनला (प्रोग्रॅमच्या प्रत्येक फेरीला) नवी विनंती धाडली की जोडणी गुदमरते.

घोळ बहुधा दोनच ठिकाणी होतो. पहिला, पत्त्याचा: माहितीपुस्तिकेतलं ४०००१, म्हणजे पहिलं होल्डिंग रजिस्टर, प्रत्यक्ष संदेशात शून्य असतं, त्यामुळे एकाचा फरक पडून आकडा शेजारच्या रजिस्टरमधून येतो. दुसरा, ३२ बिटच्या किमतीत दोन शब्दांची (१६ बिटच्या दोन भागांची) अदलाबदल. ओळखायची सोपी युक्ती आहे: पाठवणाऱ्याकडून पूर्णांक १ पाठवा. समोर ६५५३६ दिसलं, तर शब्द उलटे लागलेत.

७. हार्टबीट, म्हणजे संपर्क जिवंत असल्याची सतत खूण, ठेवा. हे काम सर्रास टाळलं जातं, आणि माझ्या मते त्याशिवाय जोडणी पूर्ण झालीच नाही. संपर्क तुटला तरी शेवटचे आकडे सहसा रजिस्टरमध्ये तसेच राहतात. टाकी रिकामी झाली तरी पडद्यावर ती भरलेलीच. म्हणून प्रत्येक बाजूने सेकंदाला वाढणारा एक आकडा पाठवावा, आणि तो पाच सेकंद हलला नाही तर समोरच्याने अलार्म देऊन सुरक्षित स्थितीत जावं. वेळ आपल्या प्रक्रियेप्रमाणे ठरवा. इमर्जन्सी स्टॉप मात्र या वाटेने कधीही नेऊ नका. त्यासाठी स्वतंत्र वायरिंग किंवा प्रमाणित सेफ्टी प्रोटोकॉलच हवा.

८. साध्या मॉडबस टीसीपीत पासवर्ड नाही, एन्क्रिप्शनही नाही. नेटवर्कवर पोहोचलेला कोणीही रजिस्टर बदलू शकतो. कंट्रोलरचं नेटवर्क ऑफिसपासून वेगळं ठेवा, इंटरनेटला तर थेट जोडूच नका.

९. शेवटी, यंत्र सुरक्षित स्थितीत ठेवून केबल उपसा. अलार्म आला का, पंप ठरल्याप्रमाणे थांबला का, केबल परत लावल्यावर जोडणी आपोआप सावरली का, ते बघा. मग हीच चाचणी एकेका पीएलसीची वीज घालवून करा.