बादली, पीव्हीसी पाइप आणि मोबाइल वापरून ध्वनीचा वेग मोजणे

प्रयोगशाळेतली अनुनाद नळी नसली तरी ध्वनीचा वेग घरी एका टक्क्याच्या आसपास अचूक मोजता येतो. नळीतली हवा नेमकी किती लांबीची असताना आवाज फुगतो (यालाच अनुनाद म्हणतात), तेवढंच शोधायचं असतं.

प्लंबिंगच्या दुकानातून एक इंची पीव्हीसी पाइपचा ३५ सेंमी तुकडा घ्या. कापलेला काठ पॉलिश पेपरने घासून सपाट करा आणि आतला व्यास पट्टीने मोजा. पुढच्या हिशेबात तो ३ सेंमी धरला आहे. वरच्या तोंडापासून खाली मोजत पाइपवर पक्क्या मार्करने खुणा करा. ६ ते १० आणि २३ ते २८ सेंमी या दोन पट्ट्यांत दर २ मिमीला खूण हवी, बाकी ठिकाणी सेंटिमीटरच्या खुणा पुरतात. बादलीत किमान ३० सेंमी पाणी हवं. मोबाइलवर टोन जनरेटरचं एखादं मोफत ॲप घ्या, १००० हर्ट्झ लावा आणि तरंगाचा प्रकार 'साइन' ठेवा.

पाइप उभा धरून पाण्यात बुडवा, जेमतेम ६ सेंमी वर राहू द्या. दुसऱ्या कुणाला तरी मोबाइलचा स्पीकर पाइपच्या तोंडावर एक-दोन सेंमी अंतरावर धरायला सांगा. तोंड झाकलं जाता कामा नये, आणि पाइप वर येईल तसा मोबाइलही वर यायला हवा. (मोबाइल पाण्यावरच असतो, तेव्हा हातात घट्ट धरणारा माणूस निवडा.) आता पाइप सावकाश वर घ्या. ८ सेंमीच्या जरा अलीकडे आवाज एकदम भरीव होतो. तिथून थोडं पुढे जा, परत या; दोन्ही बाजूंनी आवाज सारखाच उतरलेला वाटेल अशा दोन जागांचा मध्य म्हणजे पहिला अनुनाद. पाण्याच्या पातळीशी डोळा आणून खूण वाचा. दुसरा अनुनाद २५ सेंमीच्या थोडा पुढे मिळेल.

पाण्याशी हवेला खालीवर हलायला वाव नसतो, तोंडाशी ती सर्वांत जास्त हलते. स्थिर तरंगात (जाणारा आणि परतणारा आवाज मिसळून जागच्या जागी राहणारा तरंग) शून्य हालचालीपासून कमाल हालचालीपर्यंतचं अंतर पाव तरंगलांबी असतं, म्हणून पहिला अनुनाद पाव तरंगलांबीला आणि दुसरा पाऊण तरंगलांबीला येतो. मात्र कमाल हालचालीची जागा नेमकी काठावर नसून आतल्या व्यासाच्या सुमारे ०.३ पट, म्हणजे इथे ०.९ सेंमी, बाहेर असते. वेग म्हणजे तरंगलांबी गुणिले हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला होणारी कंपनं. फक्त पहिल्या अनुनादावरून (७.८ सेंमी) वेग काढला तर ४ × ०.०७८ × १००० = ३१२ मीटर प्रति सेकंद येतो आणि विद्यार्थी हैराण होतात. दोन्ही लांब्यांची वजाबाकी केली की ही बाहेरची भर आपोआप गळून पडते: २५.३ − ७.८ = १७.५ सेंमी, ही अर्धी तरंगलांबी. वेग = २ × ०.१७५ × १००० = ३५० मीटर प्रति सेकंद.

ताळा पाहायला ३३१.३ + ०.६०६ × तापमान (सेल्सिअस) हे सूत्र घ्या. ३० अंशांना ३४९.५ येतं. तापमान खोलीचं नको, पाइपमधल्या हवेचं हवं. बादलीत गार पाणी असेल तर ती हवाही गार होते. पाणी आदल्या रात्रीच भरून खोलीत ठेवलं तर हा घोळ टळतो. वजाबाकीत १ मिमीची चूक झाली की वेग २ मीटरने चुकतो, त्यामुळे उत्तर ३४९.५ आलं म्हणून फार हुरळून जायचं कारण नाही.

१४ आणि १९-२० सेंमीच्या आसपासही आवाज फुगत असेल तर ॲपमध्ये 'स्क्वेअर' लागलं आहे किंवा आवाज इतका मोठा आहे की स्पीकर फाटतोय. दोन्ही वेळी ३००० हर्ट्झचा तिसरा संनादी, म्हणजे मूळ सुराच्या तिप्पट कंपनांचा सूर, मिसळतो आणि त्याचे अनुनाद मधेच उगवतात. 'साइन' लावा, आवाज कमी करा.

न्हाणीघरात हा प्रयोग करू नका. तिथल्या टाइल्सवरून आवाज परततो आणि खोलीतच स्थिर तरंग तयार होतात. त्यांत मोठ्या आवाजाच्या जागेपासून बारीक आवाजाची जागा जेमतेम ९ सेंमीवर असते, त्यामुळे मान हलली तरी अनुनाद आल्याचा भास होतो. गाद्या-पडद्यांची खोली किंवा गच्ची उत्तम, आणि ऐकणाऱ्याने डोकं एका जागी ठेवावं.

आकडे जमले की ८५० हर्ट्झ लावून पाहा. ३० अंशांना अनुनाद ९.४ आणि २९.९ सेंमीपाशी सरकतात, वेग मात्र तोच राहतो. याच आकड्याने न्यूटनलाही अडवलं होतं. १६८७ मध्ये त्याने दिलेल्या रीतीने आपल्या हवेत वेग साधारण २९५ यायला हवा. दाबली जाणारी हवा तापते हे त्यात धरलेलं नव्हतं. ती दुरुस्ती १८१६ मध्ये फ्रेंच गणितज्ञ लाप्लासने केली. २९५ आणि ३५० मधला फरक बादलीतल्या पाइपलाही सहज कळतो.