लिनक्स नुकतंच टाकलंय? या चुका टाळा

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि सोलापुरात माझ्याकडे जुने लॅपटॉप घेऊन येणारे वाढले. विंडोज ११ त्या मशीनवर चढत नाही, नवीन घ्यायला पैसे मोकळे नाहीत, मग विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत सिस्टीम, तिच्यातलं मिंट किंवा उबंटू, टाकायचं ठरतं. टाकणं सोपं आहे. फोन यायला लागतात ते पुढच्या आठवड्यात, आणि बहुतेक वेळा मशीन बिघडलेलंच नसतं. पडद्यावर आलेलं न वाचता घाईत काहीतरी दाबलेलं असतं.

मे महिन्यात अशोक चौकाकडून एक काका आले. टॉवेलचा छोटा कारखाना, लॅपटॉपची बॅटरी कधीच गेलेली, म्हणून तो कायम प्लगवर. वळवाचा पाऊस आला, लाइट गेली, परत आली, पण लॅपटॉप चालू होईना. "सर, सगळं गेलं बगा. भाचा म्हणतोय, नव्यानं टाकावं लागतंय."

चालू करून बघितलं. काळा पडदा, वर बिझीबॉक्स लिहिलेलं, खाली कंसात इनिट्रॅमएफएस आणि लुकलुकणारा कर्सर. हे बघून भल्याभल्यांचा धीर सुटतो. पण इथे बहुतेक वेळा काहीही गेलेलं नसतं. अचानक लाइट गेली की डिस्कवर चाललेली नोंद अर्धवट राहते. ईएक्सटी४, म्हणजे लिनक्सची डिस्कवर फाइली मांडायची पद्धत, ती नोंद एरवी आपल्या जर्नलवरून (बदलांच्या रोजनिशीवरून) सावरून घेते. तसं जमलं नाही, तर मशीन पुढे न जाता थांबतं आणि आपल्याला हाताने तपासणी करायला सांगतं. तिथे 'एक्झिट' टाइप करून एंटर मारलं की डिस्कचा कोणता भाग (पार्टिशन) तपासायचा त्याचं नाव येतं. काकांच्या मशीनवर 'स्लॅश डेव्ह स्लॅश एसडीए२' आलं. मग तपासणीची कमांड 'एफएससीके', स्पेस, ते नाव, स्पेस, 'डॅश वाय'. दोनेक मिनिटं ओळी सरकत राहिल्या. शेवटी 'रीबूट'. डेस्कटॉप आला, आणि ऑर्डरींची फाइल जशीच्या तशी होती. भाच्याचं ऐकून डिस्क फॉरमॅट केली असती, तर तीन वर्षांचा हिशोब गेला असता.

एक मात्र बघा: लाइट न जाताही हाच पडदा पुन्हा पुन्हा येत असेल, तर डिस्कच थकत चाललेली असू शकते. तेव्हा दुरुस्तीच्या आधी पेनड्राइव्हवरूनच चालणारी लिनक्स (लाइव्ह सिस्टीम) चालू करा आणि फाइली बाहेर काढून घ्या. मग 'डिस्क्स' या ॲपमध्ये स्मार्ट डेटा, म्हणजे डिस्कच्या तब्येतीची नोंद, बघा.

दुसरी मोठी चूक म्हणजे कुठून तरी उचललेली कमांड टर्मिनलमध्ये (कमांड लिहायच्या खिडकीत) टाकायची आणि विचारलं की 'वाय' दाबायचं. आप्ट, म्हणजे प्रोग्रॅम टाकणारं-काढणारं साधन, काहीही करण्याआधी यादी देतं: हे नवीन येणार, हे निघणार. निघणाऱ्यांची यादी वाचा. तिथे सिनॅमन, नोम (ही डेस्कटॉपचीच नावं) किंवा डेस्कटॉप असं काही दिसलं तर 'एन' दाबून थांबा. २०२१ मध्ये पॉप ओएस या लिनक्सवर स्टीम हे गेमचं ॲप टाकताना पॅकेजमधल्या गडबडीमुळे अख्खा डेस्कटॉप काढला जात होता. आप्टने तसा इशारा दिला होता, तरी तो ओलांडून पुढे गेलेल्यांच्या हातात नुसता काळा पडदा उरला.

आप्ट 'लॉक मिळालं नाही' म्हणालं, तर बहुधा मागे अपडेट चालू असतं. दहा मिनिटं थांबा. लॉकची फाइल उडवा असा सल्ला सर्रास मिळतो, तो ऐकू नका. अर्धवट अपडेट निस्तरणं फार त्रासाचं असतं. आणि काही मशीनवर टर्मिनलमध्ये पासवर्ड टाकताना काहीच दिसत नाही, ठिपकेसुद्धा नाहीत. कीबोर्ड बंद पडलेला नाही, टाकत राहा.

एकाच मशीनवर विंडोजही ठेवलं असेल तर दोन गोष्टी हमखास होतात. विंडोजची ड्राइव्ह लिनक्समधून दिसते, पण तिच्यात काही सेव्ह होत नाही. कारण फास्ट स्टार्टअपमुळे विंडोज पूर्ण बंद न होता झोपलेलं असतं. विंडोजमध्ये जाऊन फास्ट स्टार्टअप बंद करा. दुसरं, विंडोजचं घड्याळ बरोबर साडेपाच तास मागे पडतं. मशीनच्या घड्याळातली वेळ लिनक्स जागतिक (ग्रीनिचची) मानते आणि विंडोज स्थानिक. लिनक्समध्ये 'टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी १' एवढं एकदा चालवलं की झालं.

आता मराठीचं. याबद्दल मला जरा जास्तच तळमळ आहे, कारण इथेच माणसं लिनक्स सोडून देतात. नव्या पेठेतल्या एका डीटीपीवाल्याची जुनी पत्रं उघडली तर नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसली. फाइल खराब नव्हती. श्रीलिपी, शिवाजी अशा जुन्या फॉन्टांमध्ये मराठी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेली असतात. तो फॉन्ट मशीनवर नसला की मूळची इंग्रजी अक्षरं उघडी पडतात. फॉन्टची फाइल जुन्या मशीनवरून आणा, तिच्यावर डबल क्लिक करून इन्स्टॉल करा, पत्र वाचता येईल. मात्र त्यात मराठी शब्द शोधता येणार नाही. नवीन लेखन युनिकोडमध्येच करा, म्हणजे ते कुठल्याही मशीनवर मराठीच दिसतं.

त्यासाठी कीबोर्डच्या सेटिंगमध्ये मराठी लेआउट जोडा, तिथे इनस्क्रिप्टही (भारतीय भाषांचा ठरलेला लेआउट) मिळतो आणि फोनेटिकही (इंग्रजी उच्चारावरून टाइप करायचा). मराठीच जोडा, हिंदी नको. इनस्क्रिप्टमध्ये शिफ्ट धरून इंग्रजी 'जे'ची कळ दाबली की ऱ येतो, मग 'डी'च्या कळीने हलन्त आणि मग य, असा ऱ्य होतो. लग्नाच्या हिशोबात आचाऱ्यांना दिलेले पैसे 'आचार्यांना' दिलेले दिसायला नकोत!

वायफाय दिसत नसेल तर फोन केबलने जोडा, यूएसबी टेदरिंग चालू करा आणि मिंटच्या ड्रायव्हर मॅनेजरमधून ड्रायव्हर टाका. टाइमशिफ्ट, म्हणजे सिस्टीम आधीच्या स्थितीत परत नेणारं ॲप, पहिल्याच दिवशी लावा, पण ते जपतं फक्त सिस्टीम. आपण वेगळं सांगितल्याशिवाय होम फोल्डर, म्हणजे तुमची कागदपत्रं आणि फोटो, त्यात येत नाहीत. त्यांची प्रत बाहेरच्या डिस्कवर हवी.

आणि कुणाला मदत मागायची असेल तर 'चालत नाही' एवढंच पाठवू नका. मशीन बंद करण्याआधी पडद्याचा फोटो काढा, अगदी शेवटच्या ओळीपर्यंत. काकांनी तसा फोटो पाठवला असता, तर उन्हातान्हात लॅपटॉप पिशवीत घालून यायची वेळ आली नसती. एफएससीकेची ती ओळ मी फोनवरच सांगितली असती.