एस्टिमेटला बसण्याआधीची तयारी

हिंजवडीत क्लायंटला सॉफ्टवेअरच्या कामाला किती दिवस लागतील तो आकडा कळवायच्या आधी हाती एक आठवडा असेल, तर तो एस्टिमेटच्या टूलच्या डेमोत घालवू नका. आधी टीमचे मागचे दोन-तीन प्रोजेक्ट उघडा आणि प्रत्येक कामापुढे दोन आकडे लिहा, सांगितलेले दिवस आणि लागलेले दिवस. कामांची नोंद ठेवणाऱ्या जिरामधून काढा, नाहीतर टाइमशीटच्या एक्सेलमधून. मी हे केलं तेव्हा लॉगिन स्क्रीनची ओळ सापडली: अंदाज ३ दिवस, लागले ८. कोडिंग खरंच तीन दिवसांत उरकलं होतं, बाकीचे पाच ओटीपीच्या एसएमएसचा मजकूर मंजूर होण्याची वाट बघण्यात गेले. हे कुठलंच टूल सांगत नाही, कारण ते त्यात कुणी भरलेलं नसतं. म्हणून ‘वाट पाहण्याचे दिवस’ हा रकाना वेगळा ठेवाच.

मग मोजायचं कशात ते ठरवा. स्टोरी पॉइंट, म्हणजे काम किती मोठं याला टीमनेच दिलेले गुण, आपल्या टीमपुरते उत्तम, पण करारात ते घालू नका; शेजारच्या टीमचे पाच आणि आपले पाच सारखे नसतात. ठरावीक किमतीचं काम असेल तर फंक्शन पॉइंट बघा. आयबीएमच्या ॲलन अल्ब्रेक्ट यांनी १९७९मध्ये मांडलेली ही पद्धत भाषा कोणती याकडे न बघता वापरणाऱ्याला काय मिळतं ते मोजते: मध्यम अवघड इनपुटला ४, आउटपुटला ५, आतल्या डेटाच्या गटाला १०. मात्र या पद्धतीचे नियम ठरवणाऱ्या इफपग संस्थेचं मॅन्युअल नीट वाचलेला एक तरी माणूस टीममध्ये हवा. कामाच्या आकारावरून लागणारी मेहनत काढणाऱ्या कोकोमो-२ या सूत्राची कॅल्क्युलेटर फुकट मिळतात, जरूर वापरा. फक्त त्यातले स्थिरांक दुसऱ्यांच्या प्रोजेक्टवरून आलेत. आपले जुने प्रोजेक्ट त्यात घालून उत्तर किती चुकतं ते आधी तपासा.

बैठकीला प्लॅनिंग पोकरचे, म्हणजे अंदाजाचे आकडे छापलेले, पत्ते न्या. सगळ्यांनी एकदम पत्ता उलटायचा, नाहीतर सीनियर ‘सहा’ म्हणतो आणि नवी पोरं माना डोलावतात. ज्यावर फार मतभेद होतील त्या कामाला तीन आकडे घ्या: सगळं सुरळीत झालं तर ४ दिवस, बहुधा ६, फसलं तर १४. मधल्याला चौपट वजन देऊन बेरजेला सहाने भागलं की ७ येतात.

कॅलेंडरवर गणपतीचे दहा दिवस आणि दिवाळी आजच खुणा करून ठेवा. मेट्रिक्स, म्हणजे कामाची मापं, दोन-तीनच निवडा, आणि अप्रेझलमध्ये ती वापरणार नाही हे मॅनेजरकडून मेलवर घ्या. ही अट मी कधीच सोडत नाही. वेलोसिटीवर, म्हणजे टीम ठरावीक काळात किती पॉइंट उरकते त्यावर, रेटिंग ठरायला लागलं की पॉइंट फुगतात आणि पुढचं प्रत्येक एस्टिमेट बिघडतं.

शेवटी क्लायंटला एकच आकडा देऊ नका. १४ ते १८ आठवडे असं सांगा, आणि सोबत गृहीतकांची यादी जोडा: टेस्ट डेटा कोण देणार, कोणत्या तारखेला, आणि एसएमएसच्या मंजुरीचा अर्ज कुणी करायचा.