घुमट पुस्तकाच्या शिवणीत हरवू नये म्हणून

मुंबईच्या व्हिक्टोरियन इमारतींवरच्या सचित्र पुस्तकात छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसचा दर्शनी भाग दोन पानांवर पसरला, की मधला घुमट नेमका शिवणीत, म्हणजे दोन पानांमधल्या खाचेत जातो.

१. मांडणीआधी छापखान्याला फर्मा (एका कागदाला घड्या घालून होणारा पानांचा गठ्ठा) किती पानांचा आहे ते विचारा. दोऱ्याने शिवलेल्या पुस्तकात तो १६ पानांचा असेल तर समोरासमोरच्या पानांपैकी ८-९, २४-२५, ४०-४१ या जोड्या फर्म्याच्या मधोमध येतात. ही दोन्ही पानं एकाच सलग कागदावर छापली जातात, त्यामुळे कमानी आणि कंगोरे जुळतात. सममित इमारती इथेच ठेवा. मोजणी छापील क्रमांकावरून नको, पुस्तकाच्या अगदी पहिल्या पानापासून करा. अर्पणपत्रिका, अनुक्रमणिका सगळं धरून.

२. बाकीच्या जोड्यांवर चित्र बाजूला सरकवा. शिवण दोन खिडक्यांमधल्या कोऱ्या भिंतीवर यावी, घुमटावर किंवा खांबावर नाही.

३. नुसत्या गोंदाच्या बांधणीत पुस्तक सपाट उघडत नाही आणि दोन्ही पानांची आतली कड गिळली जाते. तिथे चित्राची मधली ४-५ मिमी पट्टी दोन्ही पानांवर पुन्हा घ्या. नेमकं माप त्याच कागदाचा कोरा नमुना बांधून घेऊनच ठरवा, कारण जाड आर्ट पेपर जास्त गिळतो.

राजाबाई टॉवरसारखी उंच वास्तू मात्र एकाच पानावर उभीच शोभते.

दोऱ्याने शिवलेल्या फर्म्याच्या मधल्या जोडीवर तिसऱ्या मुद्द्यातली दुबार पट्टी घेऊ नका. तिथे काहीच गिळलं जात नाही, आणि एकच खिडकी दोनदा दिसते.