फो सँडविच घरी कसं करावं: कांदा भाजा, पण वाटू नका

पावाचा तुकडा रश्शात बुडवायचा आणि ठिबकायच्या आत तोंडात टाकायचा, हे मिसळीवर वाढलेल्या नाशिककराला कुणी शिकवावं लागत नाही. व्हिएतनामच्या फोचं सँडविच करून बघायचं ठरवलं तेव्हा मी तोच धागा धरला. फो म्हणजे तांदळाच्या चपट्या नूडल्सवर ओतलेलं गरमागरम, नितळ सूप. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला उत्तर व्हिएतनाममध्ये ते रुळलं. पाव तिथे फ्रेंचांबरोबर आला. हनोईत फोबरोबर ‘क्वे’ नावाच्या तळलेल्या लांब कांड्या देतात आणि लोक त्या सुपात बुडवूनच खातात. म्हणजे बुडवून खाणं त्यांच्याकडेही आहेच. आपण चिकन आणि पाला पावात भरायचा, सूप वाटीत शेजारी ठेवायचं. नूडल्स मी घालत नाही, त्यांचं काम पाव करतो.

चौघांसाठी हाडांसकट पाऊण किलो चिकन घ्या: एक ब्रेस्ट अख्खं, बाकी तंगड्या आणि पाठीचे तुकडे. 2 मोठे कांदे, 2 इंच आलं, 2 चक्रीफुलं, बोटभर दालचिनी, 3 लवंगा, 1 मसाला वेलदोडा, 1 चमचा धने आणि खडीसाखरेचा सुपारीएवढा खडा. गोडा मसाला घरी करणाऱ्यांकडे यातलं बहुतेक सगळं डब्यात असतंच. सुपासाठी आणायचा तो फक्त फिश सॉस. छोटे मासे मिठात मुरवून तो करतात. बाटली उघडल्यावर वास उग्र येतो, पण सुपात गेला की तो निवतो आणि मागे खोल खारी चव राहते. नाहीच मिळाला तर सोया सॉस आणि मीठ चालेल, पण चव थोडी उथळ होते.

खरी चव कांद्यात आहे. लासलगाव आपल्याच जिल्ह्यात, तेव्हा कांदा निवडून घ्या. मला यासाठी चाळीतला, घट्ट पाकळ्यांचा उन्हाळ कांदा आवडतो, त्यात पाणी कमी असतं. सालीसकट अर्धा चिरून थेट गॅसच्या आचेवर जाळीवर ठेवा. आधी वरची साल कागदासारखी पेटते, मग कापलेल्या बाजूने रस फसफसत बाहेर येतो आणि कडा काळ्या पडतात. काळ्या मसाल्यासाठी कांदा भाजताना घरभर जो वास सुटतो, अगदी तोच. आलंही असंच भाजा. थंड झाल्यावर जळकी साल खरवडून काढा, पण डाग थोडे राहू द्या.

इथे आपला हात आपोआप मिक्सरकडे जातो. माझाही गेला होता. पहिल्या वेळी कांदा-आलं वाटून घातलं आणि वर कुकरच्या तीन शिट्ट्या काढल्या. चव चांगली होती, पण तो रस्सा झाला, फो नाही. फोचं पाणी आपल्या अळणी पाण्यासारखं असतं, खाली वाटीचा तळ दिसायला हवा.

म्हणून चिकन आधी पाण्यात पाच मिनिटं उकळा, ते फेसाळ पाणी फेकून द्या आणि तुकडे नळाखाली धुऊन घ्या. आता 2 लिटर ताज्या पाण्यात चिकन, भाजलेला कांदा, आलं आणि खडीसाखर घाला. खडे मसाले कोरडे भाजून फडक्याच्या पुरचुंडीत बांधून सोडा. आच इतकी मंद ठेवा की पृष्ठभागावर मधूनच एखादा बुडबुडा यावा. खळखळ उकळलं की चरबी पाण्यात फेटली जाते आणि सूप गढूळ होतं. पंचवीस मिनिटांनी ब्रेस्ट काढून घ्या, आत गुलाबी दिसलं तर आणखी पाच मिनिटं ठेवा. पाऊण तासाने पुरचुंडी काढा. चक्रीफूल जास्त राहिलं तर सुपाला औषधासारखा वास येतो. एकूण दीड तासाने गाळा आणि 2 मोठे चमचे फिश सॉस घाला. मीठ चाखूनच.

सूप शिजतंय तोवर गाजर आणि मुळ्याच्या काड्या कापून मीठ, साखर आणि व्हिनेगरमध्ये अर्धा तास मुरवा. मूग नेहमीपेक्षा एक दिवस जास्त मोडवा, लांब मोड हवेत. उकळत्या पाण्यातून अर्धा मिनिट काढले की पुरे. थाई बेसिल शोधत फिरू नका. कुंडीत सब्जा असेल तर त्याची पानं घ्या, दोन्ही एकाच जातीची झाडं आहेत. नसेल तर पुदिना आणि भरपूर कोथिंबीर.

आता ब्रेस्टचे हाताने रेषे काढा, तंगड्यांचं मांसही सोडवून घ्या. कढईत दोन पळ्या सूप आणि चमचाभर सोया सॉस घालून मोठ्या आचेवर आटवा. ते चिकनला चिकटून चकाकायला लागलं की गॅस बंद. ओलं चिकन भरलं तर पाव हातातच फाटतो.

लादी पाव इथे टिकत नाही. बेकरीतून हॉटडॉगचा लांबट पाव आणा, मधून चिरून तव्यावर आतली बाजू कडक होईपर्यंत शेका. आत होइसिन सॉसचा (सोयाबीनचा गोडसर, दाट चिनी सॉस) पातळ हात फिरवा, वर चिकन, मूग, गाजर-मुळा, पाला, हिरव्या मिरचीच्या चकत्या. मेयोनीज नको, बुडवताना ते सुपात उतरून तवंग धरतं.

श्रावण असेल किंवा घरात मांसाहार नसेल तर चिकनऐवजी मशरूम, गाजर, मुळा आणि कोबीचा दांडा घ्या, फिश सॉसऐवजी सोया सॉस. तासाभरात सूप होतं. भाजलेले कांदे मात्र 2 ऐवजी 3.

सूप कढत हवं. वाटीत लिंबू पिळा, सँडविचचं टोक बुडवा आणि लगेच खा. उरलेलं सूप फ्रीजमध्ये दोन दिवस राहतं, सकाळी त्यात तांदळाच्या शेवया घालून नाश्ता होतो.