लोकसंख्यावाढीचं चरघातांकी समीकरण : या चुका टाळा

लोकसंख्येचं गणित बहुधा पहिल्याच पायरीवर घसरतं, वाढीचा दर काढताना. २००१ च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या ९.६९ कोटी होती, २०११ मध्ये ११.२४ कोटी. म्हणजे दहा वर्षांत १६ टक्के वाढ. म्हणून वर्षाला १.६ टक्के, असं धरून आपण मोकळे होतो. आता हाच दर दरवर्षी लावत २००१ पासून पुन्हा चालत या. २०११ ला ११.३६ कोटी येतात. हे जादा बारा लाख लोक कुठून उगवले?

सरळव्याजातून. लोकसंख्येची वाढ मुद्दलात मिसळते आणि पुढच्या वर्षी त्या वाढीवरही वाढ होते. त्यामुळे १० ने भागायचं ते टक्क्यांना नव्हे, लॉगॅरिदमला. ११.२४ भागिले ९.६९ म्हणजे १.१६, त्याचा नैसर्गिक लॉगॅरिदम (२.७१८२८ चा कितवा घात केला की १.१६ येतो, तो आकडा) ०.१४८४, दहाने भागून ०.०१४८४, म्हणजे वर्षाला १.४८ टक्के. मग चरघातांकी, म्हणजे वाढीवरही वाढ धरणारं, समीकरण असं (^ म्हणजे घात):

नंतरची लोकसंख्या = सुरुवातीची लोकसंख्या × ई^(दर × वर्षे)

ई म्हणजे २.७१८२८. ई न वापरता (१ + दर)^वर्षे असं मांडायचं असेल, तर दर ०.०१४९५ घ्यावा लागतो. एका सूत्राचा दर दुसऱ्यात कोंबू नका.

कॅल्क्युलेटरवर ‘एलएन’ (नैसर्गिक लॉगॅरिदम) ऐवजी ‘लॉग’ (१० च्या पायाचा) दाबलं, की दर निम्म्याहून खाली येतो आणि २०११ चं उत्तर १०.३ कोटींवर अडकतं. टक्के तसेच ठेवून १.४८४ घातलं, तर दहा वर्षांत लोकसंख्या जवळपास २८ लाख पट! ‘वर्षे’च्या जागी १० ऐवजी चक्क २०११ लिहिणारेही भेटतात, त्यांची माणसं पृथ्वीवर मावणार नाहीत. या सगळ्यांवर एकच उपाय: भविष्याकडे वळण्याआधी समीकरणातून २०११ चा माहीत असलेला आकडा परत येतो का, ते बघा.

आकडेमोड बिनचूक असली, तरी दर शिळा असू शकतो. १९६१ ते १९७१ मध्ये भारत ४३.९२ कोटींवरून ५४.८२ कोटींवर गेला, वर्षाला सुमारे २.२ टक्के. तोच दर पुढे ४० वर्षं ताणला, तर २०११ साठी १३३ कोटी येतात. मोजणीत निघाले १२१ कोटी. फरक १२ कोटींचा, म्हणजे अख्ख्या महाराष्ट्राहून जास्त. मधल्या काळात दर बाईमागे होणाऱ्या मुलांची संख्या घटत गेली, आणि समीकरणात दर मात्र गोठलेला होता. म्हणून ‘७० भागिले १.४८, म्हणजे ४७ वर्षांत महाराष्ट्र दुप्पट’ (७० ला टक्क्यांतल्या दराने भागून दुप्पट व्हायची वर्षं काढायचा हा ठोकताळा) हे वाक्य ‘दर असाच राहिला तर’ जोडल्याशिवाय लिहू नये.

राज्याचा दर जिल्ह्याला लावणं तर मला सगळ्यात खटकतं. २००१ ते २०११ मध्ये ठाणे जिल्हा ३६ टक्क्यांनी फुगला. त्याच काळात रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग आटले, आणि मुंबई शहर जिल्हाही ३३.३८ लाखांवरून ३०.८५ लाखांवर आला. तिथे दर उणे ०.००७९ निघतो. उणे चिन्ह दिसलं की आपलंच काहीतरी चुकलं समजून ते खोडू नका. माणसं बिऱ्हाड हलवतात, तेव्हा समीकरणातही ते उणे दिसायलाच हवं.