पेप्पा पिगवरून घरात दोन पक्ष पडतात तेव्हा

आईच्या मते पेप्पा, म्हणजे ‘पेप्पा पिग’ या ब्रिटिश कार्टूनमधली छोटी डुकरीण, उद्धट आहे. बाबांच्या मते पाच मिनिटांच्या कार्टूनने काही बिघडत नाही. आजीचं म्हणणं, ते लावल्याशिवाय पोर घास घेत नाही. तिघांचंही खरं असू शकतं, कारण तिघं तीन वेगळ्या गोष्टींबद्दल बोलताहेत. ‘दाखवायचं की बंद’ हा प्रश्न म्हणूनच सगळ्यात शेवटी घ्यावा.

आधी कागदावर चार रकाने आखा: वागणं, सुरक्षितता, भाषा, वेळ. प्रत्येकाने आपली तक्रार योग्य रकान्यात लिहायची, आणि तीही प्रसंगासकट. ‘उद्धट आहे’ एवढंच चालणार नाही. ‘मैत्रीण सुझीला शिट्टी वाजवता येते हे कळल्यावर पेप्पा काही न बोलता फोन ठेवते’, ही तक्रार चालेल. ‘डॅडी पिगच्या पोटावरून सारखी चेष्टा होते’, हीसुद्धा. बहुतेक घरांत इथेच निम्मं भांडण मिटतं, कारण कार्टूनला नावं ठेवणाऱ्याने ते नीट पाहिलेलंच नसतं आणि बाजू घेणारा ते लावून स्वयंपाकघरात गेलेला असतो.

मग मूल झोपल्यावर दोघांनी चार भाग एकत्र बघा. वीस मिनिटांचं काम आहे. भाग स्वतः निवडू नका, मूल पुन्हा पुन्हा मागतं तेच घ्या. बघताना कार्टून किती वेगाने पळतं तेही मोजा: घड्याळ लावून एका मिनिटात दृश्याची जागा किती वेळा बदलते ते पाहा. अमेरिकेत २०११ साली चार वर्षांच्या ६० मुलांवर एक प्रयोग झाला होता. त्यातल्या वेगवान कार्टूनमध्ये साधारण दर ११ सेकंदांनी दृश्य बदलत होतं, संथ कार्यक्रमात दर ३४ सेकंदांनी. वेगवान कार्टून नऊ मिनिटं पाहिलेली मुलं त्यानंतर लगेच घेतलेल्या चाचण्यांत लक्ष देण्यात आणि मनाला आवर घालण्यात मागे पडली. तो परिणाम लगेचचा होता, कायमचा असल्याचं त्यातून सिद्ध होत नाही. तरी झोपायच्या आधी काय लावू नये, हे ठरवायला मोजणी उपयोगी पडते.

पालकांच्या तक्रारीला किरकिर समजू नका. पेप्पा ब्रिटनमध्ये २००४ साली सुरू झाली तेव्हा पिग कुटुंब गाडीत सीटबेल्ट न लावता फिरायचं. प्रेक्षकांनी आक्षेप घेतल्यावर निर्मात्यांनी पट्टे घातले. कोळ्याला घाबरायचं कारण नाही असं सांगणारा भाग ब्रिटनमध्ये निर्धोक होता, पण ऑस्ट्रेलियात विषारी कोळी असल्यामुळे तिथे तो वगळावा लागला. (तोच भाग विंचवावर असता तर कोकणातल्या आजीने टीव्हीच बंद केला असता, आणि योग्यच केलं असतं.) अशा वेळी एवढंच करायचं: तो एक भाग काढून टाकायचा. बाकीचे राहू देत.

वागण्याच्या तक्रारींवर मात्र बंदीपेक्षा सोबत बसण्याचा उपाय जास्त लागू पडतो. खटकणाऱ्या प्रसंगावर थांबवा आणि एकच प्रश्न विचारा: ‘आता सुझीला कसं वाटलं असेल?’ उत्तर आलं की पुढे चालू. लगेच तात्पर्य सांगायला जाऊ नका, तीन वर्षांचं मूल तेवढ्यात सोफ्यावरून उतरतं. भाषेचंही तसंच. काही घरांना त्या ब्रिटिश इंग्रजीचं कौतुक असतं, काहींना त्याच इंग्रजीची धास्ती. पडद्याशी गप्पा होत नाहीत. मूल ‘मडी पडल’ म्हणालं तर ‘हो, चिखलाचं डबकं! उडी मारायची?’ असं मराठीत उत्तर द्या, दोन्ही शब्द त्याचे होतील.

वेळेवर तडजोड नको, तिथे आकडा ठरलेला आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९च्या सूचनेनुसार दोन ते चार वर्षांच्या मुलांनी बसून स्क्रीन बघण्याचा वेळ दिवसाला जास्तीत जास्त एक तास, आणि कमी तितकं चांगलं. त्याहून लहान मुलांना नकोच. हा तास सगळ्या पडद्यांचा मिळून आहे. आजोबांच्या मोबाइलवरचा वेळही त्यातच धरायचा.

मुलाला ‘पंधरा मिनिटं’ कळत नाहीत, ‘तीन भाग’ कळतात. वाटीत तीन चिंचोके ठेवा, भाग संपला की त्याने स्वतः एक उचलून डब्यात टाकायचा. भागाच्या मध्येच बंद केलं तर आकांत ठरलेला. पेप्पात बहुतेक वेळा शेवटी सगळे हसत जमिनीवर उताणे पडतात, ती बंद करायची वेळ. रिमोटचं बटण मुलालाच दाबू द्या.

यूट्यूबवर तासभराच्या जोडलेल्या फिती असतात, तिथे हे गणित कोलमडतं. शिवाय पेप्पाच्या नावाने भलतेच, घाबरवणारे व्हिडिओ बनवले गेले होते, २०१७ साली त्यावर बराच गदारोळ झाला. म्हणून शोधून लावू नका. यूट्यूब किड्समध्ये पालकांच्या सेटिंगमधून फक्त तुम्ही मंजूर केलेले व्हिडिओ दिसतील असा पर्याय निवडा, आपोआप पुढचा व्हिडिओ लागणं बंद करा.

सगळ्यात जास्त बिघडतं ते एकाने ‘नाही’ म्हटल्यावर दुसऱ्याने गुपचूप लावल्यामुळे. मूल दोन दिवसांत ओळखतं की मागायचं कुणाकडे. वाद मुलासमोर घालू नका. जे ठरेल ते फ्रिजवर लावा: कोणते भाग, किती, कुठल्या वेळी, आणि हे आजी-आजोबांनाही विचारून ठरवा. दोन आठवड्यांनी पुन्हा बसा, तोवर नियम बदलायचा नाही.

आजीचा घासाचा प्रश्न उरतो. कार्टून एकदम तोडू नका. पहिले चार दिवस निम्मं जेवण झाल्यावर बंद, पुढचे चार दिवस जेवणानंतरच सुरू. सुरुवातीला पोर दोन घास कमी खाईल. ताट उचलून ठेवा, मागे फिरू नका, पुढच्या वेळी भूक लागलेली असेल.